इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी : जीवन आणि कार्य

३१ जुलै ही तारीख धुळे-जळगावकडच्या आपल्या माणसांना वेगळी सांगावी लागत नाही. १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेब धुळ्याकडे आले होते, लळिंगच्या लांडोर बंगल्याला त्यांचे पाय लागले. म्हणून आपली पोरंबाळं, म्हातारी-कोतारी दरवर्षी भर पावसात तिथे जातात. त्याच तारखेला, बरोबर तीस वर्षं आधी, म्हणजे ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबे या गावी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव दामोदर. पुढे साऱ्या जगातले विद्वान त्याला डी. डी. कोसंबी म्हणून ओळखू लागले. घरचे लोक मात्र बाबा म्हणत.

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत या माणसाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. ते बौद्ध धर्माचे प्रचारक नव्हते. आपल्या चळवळीतलेही नव्हते. पण ज्या लेण्यांपुढे आपण हात जोडतो, ती लेणी कोणाच्या पैशाने झाली, कोणाच्या हातांनी खोदली, तिथे भिक्खू का राहिले आणि मग का गेले, हे प्रश्न त्यांनी डोंगर चढून विचारले. राजाचे नाव बाजूला ठेवून सुतार, गंधी, कोळी, शेतकरी यांना त्यांनी इतिहासात जागा दिली. आपल्यासारख्या कष्टकरी बौद्ध कुटुंबांना हा माणूस माहीत नसावा, हे काही बरे नाही. म्हणून आमच्या मोडक्यातोडक्या भाषेत हा खटाटोप.

वडील धर्मानंद

दामोदरांची ओळख वडिलांशिवाय पुरी होत नाही. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ गावी झाला. शिक्षण जेमतेम, नारळाच्या बागा सांभाळायचे काम. वाचनात बुद्धाचे चरित्र आले आणि मन पेटले. १८९९ साली बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करत संस्कृत शिकले. काशीला अन्नछत्रात जेवून दिवस काढले. तिथून नेपाळ, बोधगया, आणि १९०२ च्या सुमारास सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी पाली शिकली, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. तिकिटाला पैसे नसताना एका माणसाने धम्म शिकण्यासाठी एवढी पायपीट करावी, हे आज ऐकूनही खरे वाटत नाही.

परत आल्यावर कलकत्त्याला पाली शिकवली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा महाराष्ट्रात राहून लिहिता आले. बाबासाहेबांच्या शिक्षणाला मदत करणारे तेच सयाजीराव. हा धागा आपण लक्षात ठेवावा. नंतर धर्मानंद अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायला. १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला. आणि मुंबईत परळच्या गिरणगावात कामगारांसाठी 'बहुजन विहार' सुरू केले. गिरणीच्या भोंग्याच्या टापूत विहार असावे, हे सुचणारा हा विद्वान होता. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या भांडणामुळे, असे धर्मानंदांनी मराठीत लिहिले होते. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे, हे आपल्या उपासकांना ठाऊक आहेच. अशा घरात दामोदर वाढले.

अमेरिकेतील शिक्षण

१९१८ साली धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि थोरली बहीण माणिक बरोबर होती. केंब्रिज गावच्या शाळेत पोराचे नाव घातले. १९२२ साली वडील परत आले, मुलगा शिकायला तिथेच राहिला. कोवळ्या वयात परदेशात, परक्या लोकांत. मधे काही काळ तो भारतात येऊन गेला आणि १९२६ साली हार्वर्ड विद्यापीठात शिकायला लागला. गणित हा मुख्य विषय, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही घेतल्या. ग्रीस-रोमचा इतिहास मुळातून वाचला. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळाली.

हे भाषा शिकणे पुढे फार कामाला आले. भारताचा इतिहास लिहिताना त्यांची नजर जगभर फिरायची. रोममध्ये गुलाम होते, मग आपल्याकडे तसे का नाही? चीनने आपला इतिहास साल-तारखेने लिहून ठेवला, आपल्याकडे पुराणे का उरली? घरच्या अंगणाचे माप घ्यायचे तर गावाचा नकाशा माहीत हवा, तसे हे आहे.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. इतिहासाची कोणतीही पदवी कोसंबींकडे नव्हती. डॉक्टरेटही केली नाही. नोकरी आयुष्यभर गणिताच्या प्राध्यापकाची. इतिहास त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवला. चौथी-सातवीला शाळा सुटलेल्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. अर्थात त्यांचे स्वयंशिक्षण म्हणजे वाट्टेल ते बोलणे नव्हे. एका शब्दासाठी दहा हस्तलिखिते तपासायची, हा त्यांचा नेम होता.

मास्तरकी आणि गणित

भारतात आल्यावर १९२९ ते १९३१ बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी गणित शिकवले. १९३१ साली नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झाले. माया आणि मीरा या दोन मुली. मीरा कोसंबी पुढे स्वतः मोठ्या अभ्यासक झाल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा इतिहास त्यांनी लिहिला, आजोबांचे लेखनही इंग्रजीत नेले. त्यांचे निधन २०१५ साली झाले.

१९३३ साली दामोदर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. वडिलांनी जिथे पाली शिकवली तिथेच मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४३-४४ च्या सुमारास त्यांनी दोन कामे अशी केली की ती अजून टिकून आहेत. एक संख्याशास्त्रातले. तेच सूत्र पुढे परदेशातल्या कारूनेन व लोव यांच्या नावाने गाजले, कोसंबींनी ते आधी छापले होते. दुसरे आनुवंशशास्त्रातले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे काढण्याचे त्यांचे सूत्र पिकांच्या जातींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ आजही वापरतात. आपण कपाशी-केळीच्या मुलखातली माणसे. शेतकी विद्यापीठातल्या कोणाही अभ्यासकाला कोसंबींचे नाव सांगून पाहा, तो ओळखील.

नाण्यांचा तराजू

गणितातला माणूस इतिहासात कसा शिरला, त्याची गंमत आहे. संख्याशास्त्र वापरून बघायला त्यांना काहीतरी जुने, भरपूर संख्येने असलेले सामान हवे होते. ते मिळाले आहत नाण्यांमध्ये. बुद्धानंतरच्या काळापासून मौर्यांपर्यंत चालणारी ही चांदीची नाणी. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. सूर्य, डोंगर, बैल, झाड असे. त्यांचा क्रम लावायचा कसा? विद्वान लोक ठसे बघून तर्क करीत बसले होते. कोसंबींनी तराजू आणला.

सूतगिरणीत काम केलेल्या माणसाला हे लगेच समजेल. सुताचा काउंट काढायचा तर रिंग फ्रेमवरच्या एका बॉबिनवर भरवसा ठेवत नाहीत. १२० यार्डांच्या पुष्कळ लच्छ्या काढून प्रत्येकीचे वजन करतात, सरासरी बघतात, आणि वजनं किती इकडेतिकडे पळतात तेही बघतात. त्यावरून मशीन कुठे चुकते ते कळते. कोसंबींनी तेच केले. नाणे बाजारात फिरले की हाताहातांनी घासते, वजन कणाकणाने उतरते. जितके जास्त फिरले तितके हलके, आणि नाण्या-नाण्यांतला फरकही तितका मोठा. त्यांनी तक्षशिलेला सापडलेली नाणी एकेक करून तोलली. पद्धत बरोबर आहे का हे बघायला चालू वापरातली नाणीही हजारोंनी तोलली. मागच्या बाजूचे बारीक ठसे नाणे जितके जुने तितके वाढत जातात, हेही ताडून पाहिले. आणि मग कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हा क्रम त्यांनी मांडला.

या कामातून त्यांना पुढचा प्रश्न पडला. नाणी पाडणारे कोण होते? ती कोणत्या मालासाठी चालत होती? तो माल पिकवणारे कोण? असा एकेक धागा ओढत ते समाजापर्यंत आले. त्यासाठी संस्कृत पक्के केले. भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या शतकांची शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ साली शुद्ध आवृत्ती काढली. पुढे १९५७ साली वि. वि. गोखले यांच्याबरोबर 'सुभाषितरत्नकोश' हार्वर्डच्या ग्रंथमालेत छापला. हा सुभाषितांचा संग्रह करणारा विद्याकर हा बंगालच्या जगद्दल महाविहाराशी संबंध असलेला बौद्ध पंडित होता. ग्रंथ भारतात नष्ट झाला होता, तिबेटच्या मठात टिकला. राहुल सांकृत्यायन यांनी तिकडून फोटो आणले नसते तर आपल्याला तो दिसलाही नसता.

१९५६ सालचे पुस्तक

१९४५ साली होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. घर पुण्यातच, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी परत. त्यांचे पुष्कळसे वाचन-लेखन त्या गाडीत झाले. १९४८-४९ मध्ये ते अमेरिका-इंग्लंडला जाऊन आले, शिकागोला शिकवले, आइन्स्टाइनशी चर्चा केली.

१९५६ साली त्यांचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारे मोठे इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला लाखोंना दीक्षा दिली, त्याच वर्षी. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा आमचा हेतू नाही. पण एकाच वर्षी एकीकडे माणसे आपला हरवलेला धम्म परत घेत होती, आणि दुसरीकडे एक इतिहासकार हरवलेल्या माणसांना इतिहासात परत आणत होता, हे लक्षात राहते.

त्या पुस्तकाचा गाभा सोप्या भाषेत असा. राज्यावर कोण होता याने सामान्य माणसाचे जिणे फारसे बदलत नाही. लोकांच्या हातात नांगर होता की नव्हता, हलका होता की जड, लोखंड मिळत होते का, पिकलेले धान्य कोण घेऊन जात होते, याने जिणे बदलते. तेव्हा उत्पादनाची साधने आणि माणसा-माणसांतले उत्पादनाचे नाते कसकसे बदलत गेले ते क्रमाने सांगणे म्हणजे इतिहास. ते मार्क्सवादी होते, पण युरोपातला साचा उचलून भारतावर बसवायला त्यांचा विरोध होता. त्यापायी डाव्या पक्षाच्या मंडळींशीही त्यांचे खटके उडाले.

जातीबद्दल त्यांनी लिहिले की उत्पादन मागासलेले असताना वर्गच जातीच्या रूपाने उभा राहतो आणि धर्माचा शिक्का मारल्यामुळे जबरदस्ती कमी करूनही वरकड काढून घेता येते. गाढवावर रोज चाबूक ओढावा लागत नाही, कारण ओझे वाहणे हेच आपले कर्म अशी त्याची समजूत करून दिलेली असते, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

डोंगरातली विहारे

पण आमच्या मते कोसंबी खरे मोठे झाले ते पायी चालून. सुट्टी मिळाली की हातात काठी, पाठीवर पिशवी, आणि पुण्याच्या आसपासचे डोंगर पालथे घालायचे. घराजवळच्या टेकडीवर त्यांना अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. धनगर मेंढ्या घेऊन ज्या वाटांनी जातात, त्याच वाटांवर हजारो वर्षांपूर्वीची हत्यारे मिळतात, हे त्यांनी दाखवले. घराजवळ पालं ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांशी बोलून त्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या. म्हसोबा, वेताळ, तुकाई, म्हातोबा यांच्या जत्रा पाहिल्या. पुस्तकातला पंडित ज्यांना अडाणी म्हणून टाळतो, त्यांच्याकडे इतिहास जिवंत आहे असे ते मानत. १९६२ साली या भटकंतीवर त्यांचे पुराणकथा आणि वास्तव यांविषयीचे पुस्तक आले. त्याचे मराठी भाषांतरही झाले आहे.

या भटकंतीतच त्यांनी कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर इथली लेणी बारकाईने पाहिली. कार्ल्याला दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेले लहान शिलालेख टिपले. त्यांच्या ध्यानात आले की लेणी आडरानात नाहीत, व्यापाराच्या वाटेवर आहेत. कार्ले बोरघाटाच्या माथ्याजवळ, जुन्नर नाणेघाटाच्या. बैलांचे तांडे कोकणातून घाट चढून वर येणार, तिथे भिक्खूसंघाचा आसरा. भिक्खू नव्या मुलखात गेले, लोकांना बळीच्या यज्ञापासून दूर केले, शेतीला लागणारी जनावरे वाचली, अनोळखी टोळ्यांना शांततेने समाजात आणले. विहारांनी व्यापाराला मदत केली आणि व्यापाऱ्यांनी विहारांना.

कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा भूतपाल शेठ आहे, धेनुकाकटाचा गंधी सिंहदत्त आहे, दरवाजा करणारा सुतार आहे, यवन म्हणजे ग्रीक लोकसुद्धा आहेत. जिथे हे चैत्य, त्याच दारात आज एकवीरा आईचे देऊळ. आगरी-कोळी लोक तिला नवस करतात. कोसंबींनी दाखवले की अशी मातृदेवतेची ठाणी बुद्धाच्याही आधीपासूनची असावीत. भिक्खू तिथे येऊन राहिले, पुढे निघून गेले, देवी मात्र राहिली.

आता आपल्या खान्देशाकडे या. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की जवळच पितळखोरे आहे. सातमाळ्याच्या कुशीतली ही लेणी इसवी सनाच्या आधीपासूनची. पैठणचा माल उत्तरेला भडोच बंदराकडे गाड्यांनी जात असे, हे जुन्या ग्रीक वृत्तांतात लिहिलेले आहे. वाट याच घाटांतून. पितळखोऱ्याला पैठणच्या गंधी घराण्याचे दान कोरलेले आहे. आणि तिथे एक यक्षाची मूर्ती सापडली, तिच्या हातावर लेख आहे की ही कान्हदास सोनाराने घडवली. राजाचे नाव नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव आहे. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यातही एका व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. आपण जळगावहून गाडी करून अजिंठ्याला जातो, फोटो काढतो, परत येतो. कोसंबींची नजर घेऊन गेलो तर भिंती बोलू लागतील.

आमच्या तरुणपणी ज्या गिरणीत आम्ही उमेदवारी केली, तिच्या फाटकाशी मालकाचा अर्धपुतळा होता. तीन पाळ्यांत घाम गाळणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठल्या भिंतीवर नव्हते. पुढे गिरणी बंद पडली, हजेरीची बुकेही रद्दीत गेली. कान्हदास सोनार आमच्यापेक्षा नशीबवान म्हणायचा. म्हणून कोसंबी वाचले की आम्हांला आपल्या घरातले कोणी बोलते आहे असे वाटते.

एक कडू घास

आता थोडे अवघड बोलतो. बौद्ध धम्म भारतातून का गेला, याचे कोसंबींनी दिलेले उत्तर आपल्याला गोड लागणारे नाही. बाबासाहेबांनी ब्राह्मणी प्रतिक्रांती आणि मुस्लिम आक्रमणे ही कारणे पुराव्यानिशी मांडली. कोसंबी त्यात आर्थिक बाजू घालतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीला मोजक्याच वस्तू जवळ बाळगणारा भिक्खू लोकांत फिरत होता. नंतर विहारांना गावे दान मिळाली. कार्ल्याच्या भिक्खूंना उषवदाताने करजिक गाव दिल्याचा लेख तिथेच आहे. संपत्ती वाढली, कोठारे भरली. व्यापार आटला, गावे आपापल्यापुरती जगू लागली, तेव्हा एवढा मोठा संघ पोसणे कोणाला परवडेना. विहार लोकांपासून तुटले होते, म्हणून ते पडले तेव्हा सामान्य लोक धावून आले नाहीत.

हे सगळेच्या सगळे मान्य करा असे आम्ही म्हणत नाही. विहारे पाडली गेली, भिक्खू मारले गेले, मूर्ती बळकावल्या गेल्या, हे विसरून चालणार नाही. कोसंबींच्या मुख्य ग्रंथांत जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांच्या विचारांशी सविस्तर झुंज नाही, ही उणीव आहेच. जात सोसलेल्या माणसाला जातीत जे दिसते, ते सगळे त्यांना दिसले नाही. आपल्या धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील (१९२५-२०१४) यांनी हीच बाजू धरली. नुसत्या वर्गाने भारताचा उलगडा होत नाही, जात आणि स्त्रीदास्य हवेच, असे सांगत त्यांनी कोसंबींच्या पुढचा रस्ता काढला आणि कोसंबींशी वादही घातला. धुळ्यासारख्या ठिकाणी बसून एका कार्यकर्त्याने जगातल्या विद्वानांशी वाद घालावा, ही खान्देशला भूषणाची गोष्ट.

तरीही विहारे लोकांपासून तुटल्याचा जो मुद्दा कोसंबींनी मांडला, तो आजच्या आपल्या विहार कमिट्यांनी उशाशी घेऊन झोपावा असा आहे. विहाराला संगमरवर लागला, पण शेजारची पोरगी दहावीनंतर घरी बसली, तर काय उपयोग? वर्गणीचा हिशेब भिंतीवर लागतो का? वंदनेला येणारी माणसे वाढतात की फक्त लाऊडस्पीकर मोठा होतो? हे प्रश्न बाहेरच्या कोणी विचारण्याआधी आपण आपल्यालाच विचारावेत.

स्पष्टवक्तेपणाची किंमत

कोसंबींचा स्वभाव फटकळ. चुकले तर मोठ्यातल्या मोठ्याला तोंडावर सांगायचे. जागतिक शांतता चळवळीत ते पुढे होते. त्यासाठी सोव्हिएत युनियन आणि चीनला गेले, अणुबॉम्बच्या विरोधात बोलले. ते एवढ्यावर थांबले नाहीत. भारतासारख्या देशात ऊन मुबलक आहे, तेव्हा महागड्या अणुवीजेच्या मागे लागण्यापेक्षा सूर्याची ऊर्जा वापरा, गावोगाव वापरता येईल, असे ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जाहीर सांगू लागले. आणि ते नोकरी करत होते अणुऊर्जेचे जनक होमी भाभा यांच्या संस्थेत. आज आपल्या धुळे जिल्ह्यात साक्रीकडे माळावर सौर वीज तयार होते. तेव्हा मात्र हे बोलणे कोणाला रुचले नाही.

त्याच काळात गणितातल्या एका फार जुन्या, जगाला न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सापडले असे त्यांनी छापले. ते जाणकारांना पटले नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. मोठ्या माणसाचीही पट्टी कधी चुकते, ते लपवून चरित्र लिहू नये. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सोळा वर्षांची नोकरी गेली. कारणे पुष्कळ सांगतात, पण मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवता आले असते तर खुर्ची टिकली असती, असे आम्हांला वाटते.

नोकरी गेली म्हणून माणूस थांबला नाही. १९६४ साली सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्यांना मानाचे निवृत्त शास्त्रज्ञ नेमले, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृती आणि सभ्यतेवरचे त्यांचे पुस्तक लंडनला निघाले. सामान्य वाचकांसाठी लिहिलेले हे त्यांचे सर्वांत सोपे पुस्तक. बुद्ध, मगध आणि अशोक यांच्यावरची त्यातली प्रकरणे आपल्या प्रत्येक धम्म-शिबिरात वाचायला हवीत. त्याचेही मराठी भाषांतर मिळते.

२९ जून १९६६ रोजी पुण्याच्या राहत्या घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायला महिना होता. पुढच्या पिढीतल्या रोमिला थापर, रामशरण शर्मा, इरफान हबीब अशा इतिहासकारांवर त्यांच्या कामाचा ठसा आहे. २००८ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो.

आपण काय करावे

चरित्र वाचून हार घालणे सोपे, ते आपल्याला चांगले जमते. कोसंबींना ते आवडले नसते. तेव्हा या वर्धापनदिनाच्या निमित्ताने आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, विहाराच्या कपाटात त्यांची आणि धर्मानंदांची मराठीत असलेली पुस्तके आणून ठेवावीत, आणि कपाटाची किल्ली एखाद्या वाचणाऱ्या मुलीकडे द्यावी. दुसरी, वर्षातून एकदा सहल नको, अभ्यासफेरी काढावी. पितळखोरे असो, अजिंठा असो, वही-पेन्सिल घेऊन जायचे, वाट कुठून आली आणि पाणी कुठे आहे ते बघायचे, लेखातली नावे उतरवून आणायची. तिसरी, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्या आयुष्याची हकिकत लिहून घ्यावी. कोण कोणत्या गावाहून आले, कोणत्या खात्यात कामाला लागले, काय पगार होता, दीक्षा घेतली तेव्हा घरातले कोणते देव नदीत सोडले, पहिली झोपडी कशी उभी राहिली. ही माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर आपला इतिहास सरणावर चालला आहे.

राजे-महाराजांचा इतिहास लिहायला भाट होते, कारकून होते. आपला लिहायला कोणी येणार नाही. कान्हदास सोनाराने मूर्ती घडवली आणि आपले नावही स्वतःच्या छिन्नीने कोरून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत निदान दहा कुटुंबांच्या हकिकती छापून याव्यात, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.